त्रेसष्ट बेपत्ता वाचक आणि एक बँडवाला

आष्टीचे तातेराव स्वतःची ओळख करून द्यायला कधी थकत नसत. नजर घारीची, कान सशाचे आणि बुद्धी थेट देवाकडून आलेली, असं ते समोरच्याला पहिल्या भेटीत सांगत आणि दुसऱ्या भेटीत पुन्हा सांगत. पंचायत समितीच्या आवक-जावक टेबलावर एकतीस वर्षं शिक्के मारल्यामुळे पाकीट न फोडता आतलं वाचायची आपल्याला सवय झाली आहे, असा त्यांचा दावा होता. निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी बाजारपेठेत पाटी लावली: ‘तातेराव, खाजगी गुप्तहेर. वेळ सकाळी दहा ते एक.’ त्यामुळे ते गुप्तहेर आहेत ही बातमी गावात कोणापासूनच लपली नाही.

पाटी लागली ती बद्रीनाथच्या इंटरनेट कॅफेवर. बद्रीनाथ म्हणजे तातेरावांचा मेहुणा, द्वारकाबाईंचा धाकटा भाऊ. चार कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन आणि एक दाजी, एवढी त्याची मालमत्ता. आक्काच्या नवऱ्याला नाही म्हणायची त्याची टाप नव्हती, म्हणून तो न विचारताच सहायक झाला. आजवर दाजींनी एकच प्रकरण सोडवलं होतं, रामरावांच्या हरवलेल्या शेळीचं. शेळी आपल्या पायांनी घरी आली होती, पण फायलीवर ‘यशस्वी’ असा शिक्का होता.

दोन हजार आठच्या मे महिन्यात एका सकाळी वाचनालयाच्या नंदाबाई कॅफेत आल्या. गाव त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणे. सात वर्षांपूर्वी याच कॅफेत बसून त्यांनी नेटवर प्रेमकथा वाचणाऱ्यांचा एक ग्रुप काढला होता. सुरुवातीला सहा जणी होत्या. मग परतूर, भोकरदन, पुणे असं करत साठावर गेल्या. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत पोरी एकेका नायकावर रात्रंदिवस जीव टाकत. त्याचे डोळे घारे की काळे यावर एकदा अकरा दिवस भांडण चाललं होतं, आणि लेखकाने डोळ्यांचा रंग मुळात लिहिलाच नव्हता.

आता तो ग्रुप ओस पडला होता. वर्षभरात बाईंशिवाय कोणी एक ओळ लिहिली नव्हती. बाई मात्र दर गुरुवारी येऊन नव्या पुस्तकावर लिहीत, आणि पुढच्या गुरुवारी आपलंच लिहिलेलं वाचून उठत. तीन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले, तेव्हापासून घरात बोलायला कोणी नव्हतं. हा ग्रुपच काय तो होता.

“शनिवारी बंद करून टाकते,” त्या म्हणाल्या. “त्याच्या आधी एवढंच कळू द्या, की माझ्यामुळं गेल्या का पोरी. मीच नियम लावला होता, हितं फक्त पुस्तकावर बोलायचं, घरचं गाऱ्हाणं न्हाई. केदारखेड्याची एक पोरगी, चांदणी नाव घेऊन लिहायची. होणाऱ्या सासूचं काहीतरी लिहिलं तिनं. मी तिला लई बोलले.”

बद्रीनाथला वाईट वाटलं. दाजींना आनंद झाला, कारण प्रकरण मोठं होतं.

त्यांनी फर्मान सोडलं: गायब झालेल्या प्रत्येकीची शेवटची तारीख काढा. बद्रीनाथ दोन दिवस झेरॉक्सची गिऱ्हाइकं टाळून बसला. त्रेसष्ट नावं निघाली. दाजींनी यादीवर चष्मा फिरवला आणि एकदम उभे राहिले. जवळजवळ सगळ्या जणी एक तर वैशाखात गायब झाल्या होत्या, नाहीतर मार्गशीर्षात.

“टोळी,” दाजी म्हणाले. “हंगामी टोळी.”

बद्रीनाथने चाचरत सुचवलं की या महिन्यांत दुसरंही काही काही होत असतं. सहायकाने अनुमान काढू नये, फक्त पंखा फास्ट करावा, असं उत्तर मिळालं.

दुसऱ्या दिवसापर्यंत दाजींकडे संशयितही होता. या त्रेसष्ट जणींपैकी ज्या जिल्ह्यातल्या होत्या, त्यांच्या गावी नेमक्या त्याच दिवसांत एक माणूस हटकून दिसला होता. तो म्हणजे आष्टीचाच रखमाजी बँडवाला. त्याला बोलावण्यात आलं. रखमाजी लाल कोटातच आला, कारण त्याला पुढे एका गावी जायचं होतं.

“गेल्या वर्षी बारा मेला तू केदारखेड्यात होता?”

“बराबर. होतो.”

“चौदाला?”

“अंबडला.”

“काय करीत होता?”

“वाजवून राह्यलो होतो.”

दाजींनी बद्रीनाथकडे अर्थपूर्ण पाहिलं. रखमाजी गेल्यावर त्यांनी सिद्धांत मांडला: पोरी ओरडतात, ते ऐकू जाऊ नये म्हणून टोळी बँड लावते. आणि घरचे लोक? तेही ढसाढसा रडताना दिसलेत, साक्षीदार आहेत. वर त्याच दिवशी शेकडो माणसांना जेवू घालून गप्प बसवलं जातं. एवढी उघड लाच आपण एकतीस वर्षांत पाहिली नाही, असं ते म्हणाले. बद्रीनाथने डोकं झेरॉक्स मशीनवर टेकवलं. मशीन चालू होतं, त्यामुळे त्याच्या कपाळाची एक प्रत निघाली.

गुरुवारी दुपारी निकाल ऐकायला नंदाबाई आल्या. त्याच वेळी द्वारकाबाई नवऱ्याचा डबा घेऊन आल्या. दाजींनी दोघींसमोर हंगामी टोळी, लाल कोट, जेवणाची लाच असं सगळं सविस्तर उलगडलं. द्वारकाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती, त्यांना सवय होती.

“लग्नं झाली त्यांची,” त्या म्हणाल्या.

दाजींनी ही शक्यता आपण पहिल्याच दिवशी विचारात घेऊन बाजूला ठेवली होती असं सांगितलं.

नंदाबाईंनी मान हलवली. लग्न झालं म्हणून कोणी वाचायचं सोडत नाही, एवढं वाचनालय चालवणाऱ्या बाईला कळत होतं. मग त्या गेल्या कुठं?

द्वारकाबाईंनी डबा टेबलावर ठेवला. मग तीन नंबरच्या कॉम्प्युटरवर जाऊन बसल्या. आक्का रोज दुपारी तिथं बसून एका बोटाने पुण्याच्या लेकीला पत्र लिहिते, अशी बद्रीनाथची समजूत होती. पडद्यावर एक ग्रुप उघडला. दोनशे अकरा बायका. चांदणीही होती, आता शहागडची सून. लोणच्याला बुरशी का येते, बाळाला दात येताना काय करावं, आणि मध्येच एखाद्या कादंबरीवर चाळीस-चाळीस पत्रं. फक्त आता नायकाच्या डोळ्यांची कोणाला पडलेली नव्हती. तो पाणी हाताने घेऊन पितो का, आणि त्याची आई त्यांच्यातच राहते का, यावर वाद चालला होता.

ग्रुपचं नाव होतं ‘हळदीकुंकू’.

नंदाबाईंनी ते वाचलं. “मला कुणी बोलावलं न्हाई,” त्या हळूच म्हणाल्या.

“तुमचा राग न्हाई बाई कुणाला,” द्वारकाबाई म्हणाल्या. “घरचं बी बोलता यावं म्हणून पोरींनी ह्यो ग्रुप काढला, हौसेनं नाव ठेवलं. तवा ध्यानातच आलं न्हाई. ध्यानात आलं, मंग तुम्हाला ह्या नावाचं बोलावणं कोण्या तोंडानं करावं? मी बी त्यांच्यातलीच. गावात राहून मला सांगवलं न्हाई.”

त्यांनी एक जुनं पत्र काढून दाखवलं. चांदणीने लिहिलं होतं, बाईंशिवाय पुस्तकावर बोलण्यात मजा नाही, त्यांना कोण विचारतं? खाली तीस उत्तरं होती आणि तिसांतही एकच मजकूर होता: तू विचार.

बाईंनी तीसच्या तीस उत्तरं वाचली. डोळे पुसले. यजमान गेल्यापासून संक्रांतीला गल्लीतल्या बायका त्यांच्या दारावरून पुढच्या घरी जात, तेव्हा त्या मुद्दाम आत जाऊन दिवा विझवून बसून राहत, हे त्यांनी कोणाला कधी सांगितलं नव्हतं. आज सांगितलं. द्वारकाबाईंनी त्यांचा हात धरला आणि दुसऱ्या हाताच्या एका बोटाने ग्रुपवर कळवलं की बाईंना सगळं समजलंय, बाई इथंच बसल्यात.

जेवणं उरकायची वेळ होती, बऱ्याच जणी नेटवर होत्या. पहिलं चांदणीचं आलं: नाव आत्ताच्या आत्ता बदला. लगेच नवीन नावांवर भांडण जुंपलं.

एवढ्यात दाजींनी फायलीवर ‘यशस्वी’चा शिक्का मारला, आणि रखमाजीला संशयातून मुक्त केल्याचं पत्र टाइप करायला बद्रीनाथला सांगितलं. आधी जेवून घ्या, असं द्वारकाबाई मागे न बघता म्हणाल्या. दाजींनी डबा उघडला.

नंदाबाईंनी खुर्ची पुढे ओढली. सात वर्षांच्या सवयीने त्यांची बोटं भराभर चालली. त्यांनी लिहिलं, “नाव हेच राहू द्या. ह्या नावानंच बोलवा, मी येते.”

भांडण जागच्या जागी थांबलं. मग शहागडहून एक शब्द आला: ‘या.’ त्याच्या खाली परतूरहून ‘या बाई’. मग पुण्याहून, भोकरदनहून, एकाखाली एक, पडदा भरून वर सरकायला लागला, आणि बाई प्रत्येकीचं नाव मोठ्यानं वाचत राहिल्या.