फुली मारलेला गुडघा

कानामागची पेन्सिल.

मधोमध भोक असलेलं हिरवं कापड.

साठ मिली. म्हणजे चहाचा छोटा कप, काठोकाठ.

"तो नाही हो, दुसरा!"

दारातून आत गेल्यावर तिसरी रांग.

थांबा, पान उलटू नका! मी तीस वर्षं फरश्या बसवतोय. कापलेले तुकडे आधी कोरडेच मांडून बघायचे आणि मगच खाली सिमेंटचा मसाला ओढायचा, ही आमची पद्धत. तुकडे मांडून झाले. आता मसाला.

तर मी घरात छातीठोकपणे जाहीर केलं, "सुईला घाबरतो तो मी नव्हे! सोमवारी गुडघ्यातलं पाणी काढून घेणार, दोन दिवस डॉक्टर सांगतील तसा पडून राहणार, आणि गुरुवारी उरलेली फरशी बसवायला हजर!"

फरशी लेकीच्या दुकानाची होती. चष्म्याचं दुकान. रविवारी उघडायचं होतं. लहानपणी ही पोर माझ्या पिशवीतले फुटके तुकडे काढून घर घर खेळायची. तेव्हाच तिला शब्द दिला होता, "तुझ्या दुकानाची फरशी तुझा बाप बसवेल. दुसऱ्या कुणाचा हात लागू देणार नाही." अर्धी बसवूनही झाली होती. तेवढ्यात डावा गुडघा असा फुगला, की पँटमध्ये फुटबॉल लपवून पळतोय असं वाटावं!

हे दुखणं जुनं. संधिवात. गुडघ्यांवर बसून पोट भरलं, आता गुडघे वसूल करतायत. उजव्याने तीन आठवड्यांपूर्वी असाच तमाशा केला होता. तेव्हा डॉक्टरांनी पाणी काढून आत स्टिरॉइड सोडलं आणि बजावलं, "आता तीन महिने या गुडघ्याला पुन्हा इंजेक्शन नाही." लोण्यासारखा चालायला लागला बघा! आता पाळी डाव्याची.

"दाजी, मी करतो ना उरलेली," बायकोचा धाकटा भाऊ रोज म्हणायचा. तोही फरशीवालाच. उंच, सडपातळ, कुठल्याही दारात लोंबकळत उभा राहणारा, म्हणून आम्ही त्याला ओळंबा म्हणतो. हात चांगला आहे त्याचा. पण हे त्याच्यासमोर बोलायची सोय नाही.

"तू फक्त मला दवाखान्यात सोड," मी म्हणालो.

आदल्या दिवशी दवाखान्यातून सिस्टरांचा फोन आला. "नेहमीचे डॉक्टर सुट्टीवर आहेत, नवीन डॉक्टर बघतील. घोळ नको म्हणून गुडघ्यावर घरूनच खूण करून या."

खूण करायची? खुणा करण्यात माझं आयुष्य गेलंय! आमच्यात एकच नियम. फरशी बाद असली, की तिच्यावर फुली. फुली दिसली की त्या फरशीला कुणी हात लावत नाही. मी कानामागची पेन्सिल काढली, थुंकी लावून टोक ओलं केलं, आणि उजव्या गुडघ्यावर ही ठसठशीत फुली मारली. याला हात लावायचा नाही. विषय संपला!

माझ्या हुशारीवर मी इतका खूश झालो, की आरशात गुडघा बघितला.

सोमवारी पलंगावर आडवा झालो. सिस्टरांनी मधोमध भोक असलेलं हिरवं कापड पसरलं. दोन्ही पाय झाकले गेले आणि भोकातून एकच गुडघा बाहेर आला. मी मान उचलून बघितलं. भोकात माझी फुली!

"अहो सिस्टर, हा नाही!"

"हो हो," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "दीर्घ श्वास घ्या."

"श्वास कसला घ्या! दुसरा गुडघा! डावा!"

"तुमच्या घरच्या बाईंचा सकाळीच फोन आलाय. म्हणाल्या, ऐन वेळी हे काहीही सांगतील, तुम्ही लक्ष देऊ नका. मागच्या वेळी म्हणे तुम्ही गुडघा दुखतच नाही म्हणालात. मग म्हणालात, घरी गॅस चालू राहिलाय."

"राहिला असता तर?"

"बाई म्हणाल्या, तुमच्याकडे शेगडी विजेची आहे."

डॉक्टर आले. तरुण, चकचकीत. फुलीभोवती दाबून म्हणाले, "पाणी फारसं वाटत नाहीये."

"नाहीच आहे! पाणी शेजारच्या घरी आहे!"

"फाइल काय म्हणते?"

सिस्टरांनी फाइल उलटी केली, सुलटी केली. नेहमीच्या डॉक्टरांचं अक्षर म्हणजे मुंगळा शाईत पडून घरी चालत गेलेला. "काही लागत नाही. पण खूण याच पायावर आहे, डॉक्टर. यांनी स्वतः केलीय."

"तुम्ही केलीत?"

"केली. म्हणजे हात लावू नका म्हणून केली!"

डॉक्टरांनी सिस्टरांकडे बघितलं. सिस्टरांनी 'सांगितलं होतं ना' अशी मान हलवली. माझ्याच पेन्सिलीने माझा घात केला होता!

"बायकोला लावा फोन!" मी ओरडलो. लावला. पण ती शाळेत मुलांची परीक्षा घेत होती आणि फोन कपाटात कुलपाआड.

"मग माझ्या मेहुण्याला बोलवा! बाहेर बाकावर बसलाय!"

ओळंबा आला आणि दारातच लोंबकळला. डॉक्टरांच्या हातातली सुई बघितली, भोकातला गुडघा बघितला, फुली बघितली. त्याला क्षणात सगळं कळलं. माझा जीव भांड्यात पडला.

"सांग यांना, फुली म्हणजे काय!"

"सांगतो की," तो म्हणाला. "दाजी, उरलेली फरशी मी बसवू?"

भांडं उपडं झालं!

"अरे, ही वेळ आहे का?"

"मग कधी? एरवी तुम्ही ऐकता का? दोन दिवस पडून राहीन म्हणता. मागच्या वेळी दुसऱ्याच दिवशी गोण्या उचललेल्या मी बघितल्यात. असेच गुडघे मोडत राहिलात तर ताई मला धरेल."

"अर्धी तू, अर्धी मी."

"सगळी."

"कडेची पट्टी तरी माझी!"

"डॉक्टर," ओळंबा वळला, "तुमचं चालू द्या."

"बसव! सगळी बसव! तुझ्याच हाताने बसव!"

मग तो अगदी अदबीने म्हणाला, "डॉक्टर, आमच्या धंद्यात फुली म्हणजे बाद माल. हात लावायचा नाही. या गुडघ्याला तीन आठवड्यांपूर्वी इंजेक्शन दिलंय. मीच घेऊन आलो होतो. कापड जरा सरकवून दुसरा बघा."

सिस्टरांनी कापड सरकवलं. भोकातून फुटबॉल वर आला.

"अरे बाप रे!" डॉक्टर म्हणाले.

साठ मिली निघालं. पिवळसर, पातळ. नंतर आत औषध गेलं. मी हूं की चूं केलं नाही. सिस्टर म्हणतात, मला भोवळ आली होती. तपशिलात कशाला शिरा!

गुरुवारी मी दुकानात खुर्चीवर बसलो, पाय स्टुलावर. ओळंबा फरशी लावत होता. मी पेन्सिल घेऊन दर अर्ध्या तासाला खोट शोधत होतो. दिवस संपला, पेन्सिलीचं टोक जसंच्या तसं!

रविवारी दुकान उघडलं. लेक आत उभी राहून बराच वेळ खाली बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, तुमची कुठे संपते आणि मामाची कुठे सुरू होते, कळतच नाही."

"कळायचं नाहीच," मी म्हणालो. ओळंबा दारात लोंबकळत छताकडे बघत होता. भला माणूस!

दारातून आत गेल्यावर तिसऱ्या रांगेत डावीकडून दुसरी फरशी वाकडी बसली आहे. ती गुडघा फुगायच्या आदल्या दिवशी बसवलेली आहे.