बोरकुटे साहेबांची एरंडी

बोरकुटे साहेबांच्या मागच्या खिशातलं पाकीट खास खिसेकापूंसाठी असे. त्यात वर्तमानपत्राच्या घड्या आणि लिमलेटची एक गोळी. गोळी कशाला, असं कोणी विचारलं की म्हणायचे, "त्याचीबी मेहनत आहे ना गा!" खरे पैसे मोज्यात.

ऐंशीच्या दशकात नागपूरच्या आमच्या ऑफिसात एक मोठा संगणक होता आणि प्रत्येक विभागात त्याला जोडलेलं एकेक टर्मिनल. हे सगळं साहेब सांभाळत. मी त्यांच्या हाताखाली नवीन ऑपरेटर. कॉन्व्हेंटमधली, कामापुरतंच बोलणारी. साहेब शेतकऱ्याघरचे. "पराटीच्या कडेनं एरंडी लावा. अळी एरंडीवर जाते, पराटी वाचते," हे त्यांचं संगणकशास्त्र. पराटी म्हणजे कपाशी, हे मला विचारून घ्यावं लागलं.

एकदा माझा पासवर्ड वापरून कोणीतरी स्टोअरच्या मालाचे आकडे बदलले. माझी नोकरी अजून कच्ची. मोठे साहेब म्हणाले, "नाव हिचं आहे, मेमो हिलाच द्या."

"थोडी सवड द्या," बोरकुटे साहेब म्हणाले आणि त्यांनी संगणकात एक खोटी फाइल पेरली. नाव, 'बदल्या'. "पगाराची फाइल एखादा सोडन, बदलीची कोणी सोडत नाही." ती उघडली की कोणाच्या नावानं आणि कोणत्या टर्मिनलवरून, हे त्यांच्या प्रिंटरवर उमटे. मला त्यांनी रोज समोर बसवलं. "पासवर्ड तोच ठेव, अन् इथून हलू नको वं पोरी."

एका दुपारी प्रिंटर पुन्हा खरखरला. नाव माझं, टर्मिनल स्टोअरचं! साहेब मला घेऊन, कागद फडकवत मोठ्या साहेबांकडे गेले. "पोरगी माह्यासमोर बसून आहे, अन् तिचं नाव स्टोअरमधून आत घुसून राहिलं! आता मेमो कोणाले देता, सांगा." स्टोअरकीपरनं कबूल केलं. परतताना साहेबांनी चपराशालाही थांबवून सांगितलं, "हे आमची ऑपरेटर!" त्या व्हरांड्यातून इतकी ताठ मी कधी चालले नव्हते.

फाइल पुसण्याआधी मी ती वाचली. त्यात एकच बदली होती. बोरकुटे, सिरोंचा. राज्याच्या पार टोकाला, जंगलात.

"सर, बाकी कोणी नाही?"

"खोटी असली म्हणून काय झालं? आपलं नाव दिसलं की माणूस घाबरतेच ना. लेकराबाळाचे लोक आहेत." ते प्रिंटरचा कागद गुंडाळत राहिले. त्यावर अर्ध्या ऑफिसची नावं होती. "इतक्या जणाईनं वाचलं. पण एकबी विचारायले नाही आला, साहेब, खरंच चालले का."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी माझा डबा घेऊन त्यांच्या खोलीत गेले. त्यांनी टेबलावरचे कागद बाजूला सरकवले.