पंखा बंद करा गा!

भर मे महिन्यात, बुटीबोरीच्या तापलेल्या पत्र्याखाली, "पंखा बंद करा गा!" असं ओरडणारा माणूस मी एकच पाहिला आहे. गजाननराव ढोबळे, आमच्या कारखान्यातले लेथवाले. काम मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचं आणि आडनाव ढोबळे!

पंख्याच्या घरघरीत त्यांना धातू कापणारं टूल ऐकू येत नाही. आम्हाला नुसतं किंचाळणं ऐकू येतं, त्यांना त्यात बोलणं ऐकू येतं. "ऐका सर, रडून राहिली. धार गेली तिची." टूल काढून पाहावं तर धार खरंच गेलेली. मी तपासणीत आहे, मोजायची सगळी यंत्रं माझ्या ताब्यात. तरी या माणसाच्या कानाला मी वचकून असतो.

आम्ही बनवतो त्या पातळ कड्याची गंमत अशी, की चकाच्या, म्हणजे लेथच्या पकडीच्या, जबड्यांत ते जास्त आवळलं तर दबतं. दबलेलं असतानाच कापून गोल होतं, आणि सोडलं की वेडंवाकडं फुगतं. म्हणून गजाननरावांचा मंत्र, "धरा, आवळू नका." चहाचा कागदी कप असो की कुणाची स्कूटर, सल्ला तोच. एकदा नव्या मॅनेजरांनी हात मिळवला, तर त्यांनाही हेच ऐकावं लागलं.

गेल्या आठवड्यात टायटॅनियमचा शेवटचा तुकडा उरला होता. आधीचे दोन दुसऱ्या पाळीत वाकडे झाले होते. हाही गेला असता तर ते काम कायमचं हातचं गेलं असतं. पंखा बंद झाला. सगळी शेड घाम पुसत गप्प उभी. शेवटचा काप संपेपर्यंत गजाननरावांनी श्वास घेतला नाही, मग मीही घेतला नाही. त्यांनी जबडे सैल केले. मी गोलाई मोजायचा डायल लावून कडं हळूच फिरवलं, तर काटा हलला म्हणावा इतकाही हलला नाही. खरं सांगतो, त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

"लावा आता पंखा," म्हणत ते फोन घेऊन बाहेर गेले. मी मागोमाग गेलो. फोन पुण्याला, नोकरी करणाऱ्या लेकीला होता.

"जेवली का वं?" मग थोडं ऐकून, "हो हो, मी बी जेवलो." फोन बंद. डबा तर सकाळपासून उघडलाच नव्हता.

"एवढंच? आजचा पराक्रम नाही सांगितला?"

"सांगाचा होता, सर." फोन दोन बोटांत हलकाच धरून ते उभे होते. "मागच्या साली दिवसातून धा-धा फोन करत होतो तिले. कुठं हायेस, कोन हाय संगं. सहा महिने तिनं फोनच उचलला नाही. आता रोज एकच गोष्ट इचारतो." त्यांनी फोन खिशात ठेवला. "आज पहिल्यांदा तिनं मले इचारलं, बाबा, तुम्ही जेवले का."



"चला, सर," डोळे पुसत ते म्हणाले, "डबा खाऊन घेऊ. पोरीले खोटं सांगून बसलो ना मी."