शिवप्पा अण्णांचं फूटरेस्ट

गिरणीवाले शिवप्पा अण्णा मोटारसायकलवर मागे कुणालाच बसवत नसत. गाणगापूरच्या पुजाऱ्यांनाही त्यांनी वाटेला लावलं होतं. "महाराज, हिला मागं फूटरेस्टच न्हाई. पाय काय माझ्या खिशात घालणार?"

गाडी धरणाच्या सर्वेक्षणवाल्यांची, लिलावात घेतलेली. शंभर सीसीची, सडपातळ, सायलेन्सर वर उचललेला. पुढचं मडगार्ड चाकापासून वीतभर उंच. आमच्या काळ्या मातीचा चिखल साध्या गाडीच्या मडगार्डात भरतो आणि चाक जागीच थांबतं. अण्णांची गाडी मात्र ओढे, ढेकळं तुडवत जायची. पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं ते औषधासारखं मापून. "तेल कमी पडलं की इंजिनाच्या घशात कोरडी भाकर अडकतीय," ते सांगत. गावात कुणी विचारो न विचारो.

मी त्या गावात नर्स होते. एका श्रावणात ओढ्यापलीकडच्या वस्तीवरून निरोप आला: पहिलटकरीण सकाळपासून अडली आहे. दवाखान्याची जीप चिखलात रुतलेली. मी पिशवी उचलून गिरणीत गेले.

"अण्णा, गाडी काढा."

"अक्का, फूटरेस्ट न्हाई."

"पाय लोंबकळत ठेवते. तिकडं पोरगी मरायलीय."

"साडी चाकात जाईल. कामून जीव धोक्यात घालायलाव?"

"जिवाचं मी बघते. गाडीला धोका आहे का, तेवढं सांगा."

अण्णा आत गेले आणि तेलकट फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. लोखंडी फूटरेस्ट होतं, बाईमाणसाला एका बाजूला बसून दोन्ही पाय टेकता येतील असं. सोबत साडीसाठी चाकाची जाळी. फ्रेमला भोकं आधीच पाडलेली होती. नटांवर गंजाचा ठिपका नव्हता.

"हे कुणासाठी केलं होतं?"

"गिरजेसाठी." पाना फिरवत ते म्हणाले, "चिखल वाळू द्या, मग बसते म्हणली."

गिरजाक्का, त्यांची बायको. मी गावात येण्याच्या आठ वर्षं आधीच ती वारली होती.

आम्ही वेळेत पोचलो. मुलगी झाली, आई वाचली. परतल्यावर अण्णांनी पुन्हा पाना काढला.

"राहू द्या की," मी म्हटलं. "पुढच्या बाळंतपणाला परत बसवत बसणार का?"



"व्हय. मग जरा आवळून घेतो," अण्णा म्हणाले, आणि खाली बसून आवळू लागले. नट घट्टच होते.