विजेतीचा अधिकृत अंगठा

अंगठा ही वस्तू प्रत्येक नागरिकाला जन्मतः फुकट मिळते आणि ती त्याने मरेपर्यंत वाचण्याजोग्या स्थितीत ठेवावी, एवढीच माफक अपेक्षा असते. भिंगरीने ती पाळली नाही. वयाच्या बाराव्या वर्षापासून ती चाकांच्या खुर्चीच्या शर्यतीत उतरत होती. सलग अकरा वर्षं देशात पहिली आली होती, पंधराशे मीटरला तिच्या जवळपासही कोणी फिरकत नव्हतं, आणि या सगळ्या गडबडीत तिच्या दोन्ही अंगठ्यांवरच्या रेषा झिजून साफ झाल्या होत्या. चाक हाताने ढकलायचं म्हणजे अंगठा घासणार, हे कुठल्याही शेंबड्या पोराला कळतं. पण शेंबडी पोरं परिपत्रकं काढत नाहीत.

परिपत्रक काढलं होतं क्रीडा कार्यालयाने, आणि त्यामागचा हेतू सोन्यासारखा होता. आदल्या वर्षी परदेशी गेलेल्या जलतरण संघात संचालकांचे दोन मेहुणे आणि एक व्याही निघाले होते. पैकी व्याही पाण्याला घाबरायचे. चारचौघांत छी-थू झाली, आणि यापुढे अंगठा जुळल्याशिवाय कोणाचंही नाव संघात जाणार नाही, असं ठरलं. मेहुण्यांना अर्थात कोणी काही बोललं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची पद्धत फार जुनी आहे.

जागतिक स्पर्धा दहा आठवड्यांवर आली होती. भिंगरीने चौतिशी गाठली होती. यंदा नाही तर कधीच नाही, हे तिला माहीत होतं आणि तिच्या आत्याला तिच्याहून जास्त माहीत होतं. आत्या म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या पीटीच्या बाई. गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच, आणि जिभेला हाड नाही. भाचीला खुर्ची पळवायला त्यांनीच शिकवलं, भिंगरी हे नावही त्यांनीच पाडलं. खरं नाव फक्त कागदावर उरलं होतं.

कार्यालयात अंगठ्याचं यंत्र उंच काउंटरवर स्क्रूने पक्कं बसवलेलं होतं, चोरीला जाऊ नये म्हणून. दोन शिपायांनी भिंगरीला खुर्चीसकट उचललं तेव्हा कुठे तिचा हात पोचला. यंत्राने लाल दिवा दाखवला. उजवा अंगठा झाला, डावा झाला, पुसून झाला, फुंकर घालून झाला. लाल तो लालच. शिपायांचे हात भरून आले तसं त्यांनी तिला खाली ठेवलं.

नोंदणीच्या टेबलावरच्या बाई स्वभावाने मायाळू होत्या. त्यांच्या डोक्यामागच्या भिंतीवर भिंगरीचा पुरुषभर उंचीचा फोटो होता आणि खाली ‘आपला अभिमान’ असं लिहिलेलं होतं. बाईंनी फोटोकडे पाहिलं, भिंगरीकडे पाहिलं, आणि ओळखीचा काही पुरावा आणलाय का, असं विचारलं.

“तुमच्या मागे टांगलाय की,” आत्या म्हणाल्या.

“अहो, मी ओळखते हो यांना. माझी धाकटी तर यांच्यावर जीव टाकते. पण मी ओळखून काय उपयोग? यंत्राने ओळखायला पाहिजे.”

त्वचेच्या डॉक्टरांनी दिलासा दिला. रेषा परत येतील म्हणाले, फक्त दोन महिने चाकाला हात लावायचा नाही. म्हणजे आपण विजेती आहोत हे सिद्ध करायचं असेल, तर आधी विजेती असणं बंद करायचं. आत्यांनी कपाळाला हात लावला. शेवटी त्यांनीच तोड काढली. उजव्या अंगठ्याला जाड पट्टी बांधायची आणि उरलेल्या नऊ बोटांवर सराव चालू ठेवायचा. महिनाभर भिंगरीने तो अंगठा तान्ह्या बाळासारखा सांभाळला. सकाळ-संध्याकाळ मलम. भांडी घासायची नाहीत, बटाटे सोलायचे नाहीत, केससुद्धा आत्याच विंचरून द्यायच्या आणि वर टोमणे मारायच्या की राजकन्येची पण एवढी सेवा होत नसेल. आणि अशा त्या नऊ बोटांवर तिने एका सकाळी पंधराशे मीटर तीन मिनिटं सोळा सेकंदांत मारले. आत्यांनी घड्याळ तीनदा पाहिलं. मग दोघी मैदानातच गळ्यात गळा घालून रडल्या, कारण एवढ्या वेळेला सोनं मिळतं हे दोघींना ठाऊक होतं.

अंगठ्यावर पुसट का होईना, रेषा उगवल्या होत्या. दोघी पुन्हा कार्यालयात गेल्या, शिपायांनी पुन्हा उचललं. या वेळी यंत्राने अंगठा नीट वाचला आणि स्वच्छ शब्दांत कळवलं की हा अंगठा भलत्याच कोणाचा तरी आहे.

यंत्रच बिघडलं असेल म्हणून तपासायला बाईंनी आपला अंगठा टेकवला. हिरवा दिवा लागला. पडद्यावर भिंगरीचा फोटो आला, नाव आलं, ‘राष्ट्रीय विजेती, पंधराशे मीटर’ असं आलं, आणि खाली ‘ओळख पटली, अभिनंदन’.

मग बाईंना हळूहळू आठवलं. आठ वर्षांपूर्वी नोंदणीचा शेवटचा दिवस होता, भिंगरीचा अंगठा तेव्हाही उमटत नव्हता, मागे रांग खोळंबली होती. काम अडू नये म्हणून बाईंनी आपलाच लावून दिला होता. स्वभावच तसा, कोणाचं अडलेलं बघवत नसे. त्याच दिवशी एका भालाफेकवाल्यासाठी त्यांनी करंगळी दिली होती आणि दोन पैलवानांसाठी डावा हात.

चूक दुरुस्त करता येत होती, नाही असं नाही. त्यासाठी नोंदीत ज्याचा अंगठा आहे त्यानेच अर्ज करायचा. म्हणजे अर्ज बाईंनी करायचा आणि तो स्वीकारायचाही बाईंनीच. पण कर्मचाऱ्याने स्वतःचा अर्ज स्वतः स्वीकारणं हा गैरव्यवहार, म्हणून तो चौकशीला जाणार. मुदत नव्वद दिवस. स्पर्धेला उरले होते चाळीस.

प्रकरण साहेबांकडे गेलं. साहेब निर्णयाचे पक्के म्हणून नावाजलेले होते; एकदा घेतला की तो चुकीचा आहे हे कळल्यावरही बदलत नसत.

“गेल्या वर्षी चुकीची माणसं गेली म्हणून आपली शोभा झाली,” ते म्हणाले. “यंदा ज्याचा अंगठा जुळला, तोच जाणार. मी नियम धाब्यावर बसवणार नाही.”

“अहो, त्या तुमच्या टेबलावरच्या बाई आहेत,” आत्या म्हणाल्या. “त्यांनी जन्मात शर्यत पाहिली नाही.”

“अंगठा तसं म्हणत नाही.”

“साहेब, त्या चालतात,” भिंगरी म्हणाली. “दोन पायांवर.”

हा मुद्दा मात्र साहेबांना गंभीर वाटला. त्यांनी तातडीने वैद्यकीय मंडळ नेमलं. मंडळाने कार्यालयातल्या बावीस जणांचे जबाब घेतले, पण कामाच्या वेळेत बाईंना खुर्चीवरून उठताना पाहिल्याचं छातीठोकपणे सांगायला एकही जण पुढे येईना. उलट, लोकांनी हातापाया पडूनही बाई मागच्या कपाटातली फाइल काढायला उठल्या नाहीत, याचे वीस वर्षांचे लेखी पुरावे तक्रारपेटीत सापडले. मंडळाने प्रमाणपत्र देऊन टाकलं. दोष कायमस्वरूपी असून सुधारण्याची आशा नाही, असा शेराही मारला.

शर्यतीची खुर्ची विजेतीच्या नावावर होती, म्हणून ती बाईंकडे गेली. लांबलचक, तीन चाकांची, भिंगरीच्या कमरेच्या आणि गुडघ्यांच्या मापाने बेतलेली. शिपाई न्यायला आले तेव्हा भिंगरीने चाक घट्ट धरून ठेवलं. जन्मात कोणापुढे हात न पसरलेल्या तिने त्या दोघांना हात जोडले. शिपायांनाही वाईट वाटलं. त्यांनी तिला खुर्ची मिळाल्याची पोच दिली आणि त्यावर अंगठा मागितला.

जायच्या आदल्या दिवशी बाई स्वतः घरी येऊन गेल्या, डोळे पुसत. “मला कुठे हौस आहे गं? विमानात माझ्या कानांना दडे बसतात. पण वरूनच आदेश आला, तर मी काय करणार?” असं म्हणताना त्यांनी नवी सूटकेस दाराबाहेर ठेवली होती. आत्यांनी त्यांना पाणीही विचारलं नाही.

स्पर्धा दोघींनी घरी टीव्हीवर पाहिली. बाई त्या खुर्चीत मावेनात, म्हणून तिच्यावर आडव्या बसल्या होत्या, मांडीवर पर्स. बार उडाला. बाकीच्या सुटल्या आणि बाई एवढं कोणी दचकवलं ते बघायला मागे वळल्या. पहिली आली तिला तीन मिनिटं एकोणीस सेकंद लागले. आत्यांनी स्टॉपवॉच थांबवलं, उशीखाली ठेवलं आणि बराच वेळ भिंतीकडे तोंड करून बसल्या. भिंगरी हमसून हमसून रडली. तोवर बाईंनी वीस मीटर कापले होते.

दीड वाजता त्यांनी मार्गिकेतच डबा उघडला. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची, म्हणून रिवाजाप्रमाणे त्या पाऊण तास थांबल्या. पण पोचल्या. दोन तास दहा मिनिटांनी का होईना, रेषेपलीकडे गेल्या, आणि साठ हजार माणसं उभी राहून टाळ्या वाजवू लागली. जिद्द, जिद्द म्हणतात ती हीच, असं निवेदक पुन्हा पुन्हा सांगू लागला. तीन मिनिटं एकोणीस सेकंदवालीचं नाव त्याने घाईत एकदाच घेतलं. बाईंचा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत घरोघरी पोचला. लोकांनी तो पाहिला, डोळे पुसले आणि पुढे ढकलला.

बाई परतल्या त्या दिवशी रस्ते बंद केले होते. उघड्या ट्रकवर बाई, शेजारी साहेब, हारांमधून दोघांची फक्त नाकं दिसत होती. ट्रकच्या मागच्या बाजूला शर्यतीची खुर्ची बांधलेली होती. ती निदान शाबूत आली की नाही, एवढंच बघायला भिंगरी आपली रोजची खुर्ची ढकलत चौकाच्या कडेला येऊन थांबली होती. पुढे नुसत्या पाठीच पाठी. मान उंच करूनही तिला काही दिसेना.

तेवढ्यात कोणीतरी मागून तिच्या खांद्याला हळूच हात लावला. माणूस भला होता. डोळे पाणावलेले, हातात मोबाइल, व्हिडिओ बघून तीनदा रडलेला आणि बावीस जणांना पाठवून मोकळा झालेला.

“ताई,” तो अगदी अदबीने म्हणाला, “तुमची ही खुर्ची जरा बाजूला घेता का? चॅम्पियनचा फोटो काढायचाय.”

भिंगरीने घेतली. फोटो खरंच छान आला होता. तुम्ही आम्हालाही पाठवला होतात.