हिराताईंच्या पेशी

संध्याकाळी घरी निघण्याआधी हिराताई हातमोजे चढवतात आणि आमच्या प्रयोगशाळेतली कचऱ्याची बादली तपासतात. सोन्याचं कानातलं हरवल्यासारखी.

याला कारण डॉ. केदार. नवा रुजू झालेला, परदेशात शिकून आलेला. त्यानं मागवलेली सायटोकाइनची कुपी आली. सायटोकाइन म्हणजे पेशी एकमेकींना निरोप धाडतात ती प्रथिनं. माणसाचं जनुक जिवाणूत घालून ती बनवतात, सुकवतात आणि चिमूटभरही नाही इतकी कुपीत भरतात. केदारनं कुपी उजेडात धरली, "रिकामीच पाठवलीय!" म्हणत बादलीत टाकली आणि कंपनीला खरमरीत ईमेल लिहायला बसला.

हिराताईंनी ती शोधून काढली. यंत्रात फिरवून आतली न दिसणारी पूड तळाशी बसवली, हळूच पाणी सोडलं. दुसऱ्याच आठवड्यात केदारच्या पेशी तरारल्या.

"डोल्यांना दिसला नाय म्हंजे नसतो का? वारा दिसतो का तुला?"

केदार तेव्हापासून त्यांना मॅडम म्हणतो.

ताई दिवाळे कोळीवाड्यातल्या. वीस वर्षं इथं तंत्रज्ञ आहेत. कुणी कुपी जोरात हलवली की ओरडतात, "घुसलू नको, ताक नाय ते!" एकदा वितळलेलं प्रथिन पुन्हा गोठवलं तर नासतं; कुणी तसं करायला निघालं, की फ्रीजरला पाठ लावून उभ्या राहतात. संचालक आले तरी हटत नाहीत.

आमच्याकडे रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढवतात. त्यांना दर दोन दिवसांनी इंटरल्युकिन नावाचं सायटोकाइन घालावं लागतं, नाहीतर त्या मरतात. त्यात रविवार आला की ताईच येतात. दुसऱ्या कुणाला येऊ देत नाहीत. आम्हाला वाटायचं, ताईंचा कुणावर विश्वासच नाही.

त्यांना जरा आराम मिळावा म्हणून मी नवं वेळापत्रक केलं. ताईंचा रविवार वगळून; त्या दिवशी आम्ही पाळीपाळीनं येणार. ताईंना आनंदाची बातमी स्वतः द्यावी म्हणून एका रविवारी दुपारी तिथं गेले. काम आटोपून त्या बाहेरच्या बाकावर डबा उघडत होत्या.

"ताई, एवढ्या उन्हात आलात. घरी जेवून तरी यायचं."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. खाल्ला नाही.

"मालक गेले तवापासून एकटीला जेवान जात नाय गो. बाकीचे दिवस तुमी असता. रविवारी ह्यांना घातला, का मंग दोन घास जातात." काचेपलीकडच्या पेशींच्या पेटीकडे मान वळवून त्या हसल्या. "हसशील तू."

मी हसले नाही. पिशवीतला वेळापत्रकाचा कागद पिशवीतच ठेवला.

"तू कशाला आलीस?"

"भूक लागली म्हणून."

ताईंनी डब्याच्या झाकणात भाकरी ठेवली, वर सुकटीची चटणी. मग स्वतः जेवायला लागल्या.