मोरूदादांच्या व्हॅनचा टेप

व्हॅनसाठी टेप घ्यायला गेल्यावर आमच्या मोरूदादांनी दुकानदाराला पहिला प्रश्न विचारला, "याला खड्डा चालतो का?"

मी मागच्या सीटवर रिकामी टोपली घेऊन बसले होते, म्हणून हे मला ऐकायला मिळालं. मी बोईसरला भाजी विकते. वालपापडी, वांगी, जे वाडीत येईल ते. सकाळी घिवलीहून मोरूदादांच्या शेअरिंगच्या व्हॅनने जायचं आणि टोपली रिकामी झाली की त्यांच्याच व्हॅनने परत यायचं. त्या दिवशी परत येताना ते म्हणाले, "वैनी, पाच मिनिटं हा. टेप बघतो." ऊन उतरेपर्यंत आम्ही त्या दुकानासमोर होतो.

दुकानातला पोरगा हिंदी बोलणारा होता. तो म्हणाला, "अंकल, सीडी कौन बजाता है अभी? ब्लूटूथ लो. फोन से गाना बजेगा."

"आणि फोन आला की?"

"तो गाना रुकेगा. बात करने का, फिर चालू."

"गाणं थांबतं ना? मग नको," मोरूदादा म्हणाले.

तेव्हा त्याने कपाटाच्या खालच्या खणातून जुने टेप काढले. एका टेपमध्ये साधी सीडी चालायची. तिच्यावर गाणी थोडी, बोईसर यायच्या आधीच संपणारी. तो टेप परत खणात गेला. दुसऱ्यात एमपी-थ्रीची सीडी चालायची, एकीवर दीडशे गाणी. हा मोरूदादांनी हातात घेऊन उलटासुलटा बघितला, वांगं बघावं तसा. पण याला आवाज वाढवायला बारीक बारीक बटणं होती. "मी रस्ता बघू का बटण बघू? गोल कान असलेला दे, पिळता येईल असा."

गोल कानाचा निघाला. मग तो टेप व्हॅनमध्ये कच्चा जोडून, पोरग्याला शेजारी बसवून, मोरूदादांनी रेल्वे फाटकाजवळच्या खड्ड्यांतून गाडी नेली आणि आणली. सीडी एकदाही अडखळली नाही. तरी त्यांचं समाधान होईना. दोन गाण्यांच्या मध्ये टेप किती वेळ गप्प बसतो, ते आता ते डोळे मिटून मोजत होते. माणसाची नाडी बघावी तसे.

"जरा जास्त थांबतो रे हा."

"अंकल, साँस तो लेने दो उसको," पोरगा म्हणाला.

शेवटी तो टेप घेतला. स्पीकर मात्र चारही मागे बसवून घेतले, पुढे एकही नाही. पोरगा म्हणाला की अंकल, तुम्हाला तर नीट ऐकूच येणार नाही. मोरूदादा म्हणाले, "मला काय करायचंय ऐकून?" पोरग्याने माझ्याकडे बघितलं. मी टोपलीकडे बघितलं.

गाण्यांची सीडी त्यांनी झेरॉक्सच्या दुकानातून भरून आणली. त्यात भजनं होती, हळदीची गाणी होती, बँड होता, आणि कुठल्याशा मुलांच्या कार्यक्रमातले पाढेही होते. भजन संपलं की साताचा पाढा सुरू व्हायचा. कोणी हसलं तर ते म्हणायचे, "आवाज हाय ना? मग झालं."

पण खरी मजा पुढेच होती. हा टेप मधेच जोरात वाजायला लागायचा. चांगला हळू चाललेला असायचा आणि एकदम कानठळ्या. कोणी तक्रार केली की मोरूदादांचं उत्तर ठरलेलं. "मी काय करू? टेपची इच्छा." फारच ओरडा झाला तर म्हणायचे, "चढावर आवाज चढतो त्याचा." आता समुद्रापासून बोईसरपर्यंत आमचा रस्ता भाकरीसारखा सपाट. चढ कसला आणि उतार कसला. गावात सगळे म्हणायचे, मोरू एकटा राहून थोडा सटकलाय. मलाही तसंच वाटायचं.

त्याच सुमारास माझी प्रांजल सासरहून परत आली. कायमची. का आली ते तिने मला सांगितलं, मी तिच्या बापाला सांगितलं, आणि आमच्या घरात तो विषय संपला. घराबाहेर तो संपणार नव्हता, हे मला माहीत होतं. तिला बोईसरला पॅकिंगच्या कंपनीत काम मिळालं होतं. पण ती म्हणत होती, "आई, कामाला मी घाबरत नाय. गाडीत बसायला घाबरते. रोज तेच विचारतील. मला नाय जमणार."

मी तिला काय सांगणार? मी स्वतः माणसांपुढे बोलू शकत नाही. चौथीत बाईंनी उभं केलं तरी माझा आवाज फुटायचा नाही. कोणी प्रांजलला टोचून विचारलं असतं तर माझ्या तोंडून एक शब्द निघाला नसता.

पहिल्या दिवशी आम्ही दोघी मागे बसलो. मधल्या सीटवर गुलाबकाकी. काकी मनाने वाईट नाही, पण तिला प्रत्येक घरातल्या भांड्याचा तळ बघायचा असतो. गाडी गावाबाहेर पडली आणि ती वळून बसली.

"काय गो प्रांजल, किती दिस हायेस माहेराला?"

प्रांजलने तोंड उघडलं आणि टेपला इच्छा झाली. हळदीचं गाणं असं काही उसळलं की खिडकीची काच थरथरली.

"काय म्हणते?" काकी ओरडली.

"काय?" प्रांजल ओरडली.

"जावई येतो का न्यायला?"

"काय?"

काकीने पुन्हा एकदा प्रयत्न केला, मग कानावर हात ठेवून ती पुढे वळली. "मोरू, बहिरी करशील एक दिवस."

"चढ हाय काकी."

काकी पुढे वळून स्वतःच्या गुडघ्यांबद्दल बोलू लागली, तसा आवाज खाली आला. मोरूदादांनी गुडघ्यांची नीट चौकशीही केली. दुसऱ्या दिवशीही असंच झालं आणि तिसऱ्याही. मग प्रांजल माझ्या कानाशी लागून म्हणाली, "आई, टेपकडे नको बघू. त्यांच्या हाताकडे बघ."

मी बघितलं. काकीने मान वळवायला घेतली की मोरूदादांचा डावा हात गिअरवरून उठायचा. नजर रस्त्यावरच, मधूनच आरशात. काकी सीटवर कूस बदलेपर्यंत हात टेपवर पोचलेला असायचा.

प्रांजल कामाला टिकली. पुढे तिला विचारणारेच कमी झाले, कारण उत्तर ऐकू येत नाही म्हटल्यावर लोकांना विचारण्यात गोडी राहिली नाही. मोरूदादांचे आभार कसे मानायचे, ते मला कळत नव्हतं. रोज उतरताना ठरवायची आणि रोज तशीच उतरायची.

एका दुपारी परत येताना व्हॅनमध्ये मी एकटीच होते. टेप बंद. मी कसंबसं विचारलं, "दादा, गाणी नाय लावली?"

"आता कोण हाय गाडीत?" ते म्हणाले. मग थोडं अंतर गेल्यावर म्हणाले, "मला गाण्यातलं काय कळत नाय वैनी. डोकं दुखतं माझं."

मग ते आपणहून पुढे बोलू लागले.

"आमची सुलू अशीच परत आलेली. गाडी तेव्हा नवी होती, टेप नव्हता. मी म्हटलं, चल, बोईसर फिरवून आणतो. गाडी भरली. स्टेशन येईपर्यंत सगळ्यांनी तिला विचारलं. काय झालं, कोणाचं चुकलं, मूल नाय म्हणून का. मी गाडी चालवत होतो. पाठीमागे माझी बहीण, आणि मी रस्ता बघत होतो. त्यानंतर ती गाडीत बसली नाय. गाडीत काय, घराच्या फाटकाबाहेर नाय."

सुलूताई त्यांच्याच घरात असतात हे गावाला माहीत होतं. आम्ही सगळे विसरलो होतो, एवढंच.

त्या रविवारी मी पापडी घेऊन त्यांच्या मागच्या दाराने गेले. आभार मानायला म्हणूनच गेले होते, पण सुलूताईंनी पाट दिला आणि आम्ही पापडी सोलत बसलो. त्यांना बोलायचं नव्हतं, मला बोलता येत नव्हतं. छान गेली दुपार. मग मी दर रविवारी जाऊ लागले. हळूहळू एखादा शब्द त्यांचा, एखादा माझा.

एक दिवस त्याच म्हणाल्या की सुईत दोरा जात नाही, डोळे दाखवायला हवेत. डॉक्टर बोईसरला. मी म्हटलं, "प्रांजल एका बाजूला बसेल, मी एका बाजूला." एवढं लांब वाक्य मी त्यांच्या घरात पहिल्यांदाच बोलले असेन.

ठरल्या दिवशी सुलूताई मधल्या सीटवर आमच्या दोघींच्या मध्ये बसल्या. पदर मुठीत घट्ट. मोरूदादांनी गाडी सुरू व्हायच्या आधीच टेप पूर्ण पिळला. पुढे मोरूदादांशेजारी बसलेल्या गुलाबकाकीने मागे बघितलं, सुलूताईंना बघितलं आणि पुढे वळली. मी सुलूताईंना काहीतरी सांगत होते. बेताल बँड वाजत होता, त्यातून माझं बोलणं त्यांच्यापर्यंत जाईना. त्या पुढे वाकल्या आणि भावाच्या खांद्याला हात लावून म्हणाल्या, "मोरू, कमी कर रे जरा. वैनी काय सांगते ते ऐकू येत नाय."

मोरूदादांनी आवाज कमी केला नाही. टेप बंदच केला.

गाडीत एकदम शांतता झाली आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. मला सांगावंच लागलं. यंदा पापडीला कीड फार, शेंगा आतून पोकळ निघतात. सुलूताई म्हणाल्या, त्यांच्या परसातही तसंच आहे. काकी म्हणाली, "तंबाखूचं पाणी मारा गो, संध्याकाळी." मग बोईसर येईपर्यंत आम्ही चौघी किडीबद्दलच बोलत होतो. व्हॅन मोरूदादांनी इतकी हळू चालवली की मागच्या दोन रिक्षा हॉर्न देऊन देऊन पुढे निघून गेल्या.